अकरावा महिना

माझं पोट अकरा महिने वाढत राहिलं, आणि त्यात कोणीच नव्हतं. एवढं लिहायला मला बरीच वर्षं लागली. आता लिहिते आहे, कारण माझ्यासारख्या बाया आजही दार लावून हनुवटीचे केस उपटतात. पाळी चुकली की आधी आनंदतात, मग घाबरतात, आणि कोणाला सांगत नाहीत. दुखण्याबद्दल काय सांगायचं ते डॉक्टर लोक सांगतीलच. मी फक्त मला काय झालं तेवढं सांगते.

माझं माहेर अमरावतीचं. राजापेठेच्या पलीकडे तेव्हा मळेच मळे होते, त्यातला एक आमचा. बाबा भाजी आणि फुलं लावत, माय टोपली डोक्यावर घेऊन बाजारात जाई. मराठी सात यत्ता झाल्या आणि सोळाव्या वर्षी मला तेल्हाऱ्याला दिली. सासर आमच्यातलंच, पण त्यांची काळी जमीन होती, कपाशी व्हायची. घरात चार माणसं. सासरे, त्यांना मी मामाजी म्हणे. सासू, त्या आत्याबाई. नवरा, त्यांना सगळ्या बाया म्हणत तसं मी मालक म्हणे. आणि चौथी मी, अंजना.

पाळी मला न्हाण आल्यापासूनच वेडीवाकडी. दोन-दोन, तीन-तीन महिने पत्ता नसे. अंगानं मी भरलेली होते आणि हनुवटीवर चार-सहा राठ केस होते. माय म्हणायची, "लगन झालं का सारं ठीक होते." मला ते खरं वाटलं.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी श्रावणात मामाजी गेले. जाडजूड माणूस, खाण्याचा मोठा शौकीन. भर दुपारी जेवायला बसले, गुळाची पोळी तुपात बुडवून दोन घास खाल्ले, तिसरा घास हातातच राहिला. आत्याबाईंनी ते अर्धं ताट टोपल्याखाली झाकून ठेवलं आणि तीन दिवस कोणाला हात लावू दिला नाही. मुंग्या लागल्या तेव्हा मालकांनीच उचलून बाहेर नेलं.

त्याच महिन्यापासून माझी पाळी थांबली.

जेवणारा दुसराच

दिवाळीपर्यंत मी काही बोलले नाही. मग आत्याबाईंनीच विचारलं. मी सांगितलं तशा त्या बोटांवर महिने मोजत बसल्या. मोजता मोजता श्रावणावर येऊन थांबल्या आणि माझ्या पोटाकडे पाहत राहिल्या.

"तेच येऊन राहिले," त्या म्हणाल्या. "अर्ध्या ताटावरून उठले व्हते. जेवाले परत येऊन राहिले."

घरात दुःख होतं, मला वाटलं म्हाताऱ्या जिवाला आधार होतो तर होऊ दे. मी हसलेसुद्धा.

मग माझं जेवण सुरू झालं. सकाळी डिंकाचा लाडू, न्याहारीला शिरा, दुपारी गुळाची पोळी आणि वाटीभर तूप, तिसऱ्या प्रहरी पुन्हा शिरा. मामाजींना जे जे आवडायचं ते ते. आत्याबाई समोर बसून शेवटच्या घासापर्यंत पाहत. एकदा मी ताट सरकवलं.

"आत्याबाई, आता नाई जात."

"तुले कोन म्हन्ते जेव म्हनून?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तू नोको जेवू. त्यायले जेवू दे."

मी जेवले. मला भूक लागायला लागली होती, हेही खरं. जितकं गोड खावं तितकी तासाभरात पुन्हा भूक. पोट भरलेलं असताना आतून कोणीतरी मागत असल्यासारखी. माघात एका दुपारी डाव्या कुशीत काहीतरी सरकलं. सुईण भिकाबाईनं पोट चाचपलं आणि सांगितलं, "डोकं हाताले लागते. पोरगाच हाय." सातव्या महिन्यात ओटी भरली. मी इतकी सुजल्यासारखी दिसत होते की ओटी भरणाऱ्या बायकांपैकी दोघी-तिघींनी माझ्या तोंडाकडे पाहायचं टाळलं.

वैशाखातली दुपार

आमच्याकडे वैशाखात दुपारी बारानंतर गावात माणूस दिसत नाही. दारं लावलेली, कुत्रीसुद्धा सावलीला. कशाचाच आवाज नसतो. अशा दुपारी मी माजघरात दार लोटून पडले होते. नववा भरला होता. केस उपटायचे मी पंधरा दिवसांपासून सोडून दिले होते. आता काय, बाळंतपण होईल, मग पाहू, असं.

आत्याबाई पाण्याचा गडवा घेऊन आल्या. दाराच्या फटीतून उजेड माझ्या तोंडावर पडला होता. त्या उंबऱ्याशीच थांबल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, मान वळवली आणि अंग चोरून उभ्या राहिल्या. मामाजींच्या समोर त्या अशाच उभ्या राहत.

"पानी आनलं," त्या म्हणाल्या. आवाजही तोच, मामाजींशी बोलतानाचा.

"आत्याबाई, मी हावो. अंजना."

त्यांनी गडवा जमिनीवर ठेवला आणि पाठ न दाखवता मागे मागे निघून गेल्या.

मी उठले आणि भिंतीवरचा आरसा काढला. गाल उतू गेलेले. मान काळी पडून तिच्या वळ्या झालेल्या, शेतात ओझं वाहून मामाजींची झाली होती तशी. हनुवटीवर पंधरा दिवसांचे खुंट. खरं सांगते, मलाही तेच दिसले. आरसा मी उलटा करून ठेवला आणि पुढे किती तरी दिवस घरात कोणी तो सुलटा केला नाही.

नववा गेला, दहावा लागला. भिकाबाई यायची बंद झाली. कोणी म्हणे गर्भ वाळला, कोणी म्हणे कोणीतरी करणी करून बांधला. गरोदर बाया माझी सावली ओलांडेनात. लग्न होऊन गेलेल्या नणंदेनं मालकांसाठी तिच्या गावची एक मुलगी पाहून ठेवल्याचं माझ्या कानावर आलं. मला राग आला नाही. मी दिवसभर पोटावर हात ठेवून बसून असे आणि आत हललं की दचकत असे. ज्या हालचालीनं आई हरखते, तिनं माझ्या अंगावर काटा येई.

मालक कमी बोलणारे. त्यांनी आईला कधी उलट शब्द बोललेला मी ऐकला नव्हता. पण आषाढाच्या तोंडावर एका दुपारी आत्याबाई माझ्याजवळ येऊन बसल्या, पोटाशी वाकल्या आणि विचारलं, "बांधावरची बोर तोडायची म्हन्ते बापू. तोडू द्या का?" मग पोटाला कान लावला. बराच वेळ. बापू म्हणजे मालक, ते दारात उभे होते. आत्याबाईंनी मान डोलावली आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "नोको म्हन्तेत."

मालकांचं तोंड पांढरं पडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवलं. "लुगडं नेस. तुया बाबाकडे जाऊ. तिथं बायांचा दवाखाना हाय, डॉक्टरीण हाय."

"आत्याबाई?"

"मी सांगतो तिले. तू बोलू नोको."

काय सांगितलं कोण जाणे. निघताना आत्याबाईंनी गुळाच्या पोळ्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "वाटेत उपाशी ठेवू नोको त्यायले."

तेल्हाऱ्याहून मोटारीनं अकोला आणि अकोल्याहून रेल्वे. अकोल्याच्या स्टेशनावर एका भल्या बाईनं मला बाकावर जागा करून दिली. "कितवा व माय?"

"अकरावा," मी म्हटलं.

तिनं तिचं गाठोडं उचललं आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

आत कोण

डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या होत्या, शुद्ध बोलत. त्यांनी लाकडी नळी पोटाला लावून पुष्कळ वेळ ऐकलं. जागा बदलून पुन्हा ऐकलं. मग हातानं तपासलं, आणि लहानपणापासूनच्या पाळीबद्दल एक एक विचारलं. मग खुर्ची ओढून माझ्या जवळ बसल्या.

"अंजना, बाळ नाही."

"मेलं?"

"नाही. नव्हतंच. कधीच नव्हतं."

त्यांनी मला समजेल असं सांगितलं. बाईच्या पोटात दोन्ही बाजूंना बीजकोश असतात. माझे मोठे झाले होते, त्यांच्यावर बारीक बारीक पुटकुळ्या धरल्या असाव्यात, म्हणून बीज पिकत नाही आणि पाळी येत नाही. केस त्यामुळेच, मानेचा काळेपणा त्यातलाच. पोट दिसतं ते मेद आणि वारा. या दुखण्याला मराठीत अजून नाव नाही, असं त्या म्हणाल्या. आज नाव आहे, पीसीओएस म्हणतात. तेव्हा ते बिननावाचंच माझ्या अंगात राहत होतं.

"मग हलते कोन?" मी विचारलं.

बोलता बोलताच ते हललं. डॉक्टरीणबाईंचा हात नेमका तिथंच होता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"हो, मलाही लागलं," त्या म्हणाल्या. "आतडी आहेत. ती तुझीच आहेत. ही तूच आहेस, दुसरं कोणी नाही."

मला धीर यावा म्हणून त्या तसं बोलल्या. पण त्या क्षणी मला जितकी भीती वाटली तितकी कधी वाटली नाही. इतके महिने मी ज्याला घाबरत होते, ती मीच होते.

बाहेर मालक उभे होते. त्यांना सांगितल्यावर त्यांनीही तेच विचारलं. "मंग आत कोन व्हतं?" डॉक्टरीणबाईंनी त्यांना पुन्हा सारं समजावलं. ते पायरीवर बसले. मग म्हणाले, "मायले कोन सांगीन?"

दवाखान्यातले तीन आठवडे

मला तीन आठवडे ठेवून घेतलं. जागा होती ती बाळंतिणींच्या खोलीत. सकाळी ताप पाहायचे, काट्यावर वजन करायचे, मग दुधाची किटली फिरे आणि माझ्या खाटेला वळसा घालून जाई, कारण माझ्या पाटीवर ताक लिहिलेलं असे. चार ते पाच भेटीची वेळ. नवी बाळं पाहायला येणारी माणसं माझ्या खाटेशी थांबत, माझं पोट पाहून "केव्हा हाय?" विचारत. पहिले दोन दिवस मी काहीतरी सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "नाई. मी आजारी हावो." हे तोंडानं म्हणता आलं तेव्हा जरा हलकं वाटलं.

दुपारी सगळी खोली झोपली की एखादं बाळ रडे, आणि माझ्या पोटात त्याच वेळी काहीतरी सरके. मी पोटावर हात ठेवून डॉक्टरीणबाईंचं वाक्य मनात म्हणायची. कधी पटायचं, कधी नाही.

खाण्याचे नियम साधे होते. गूळ, साखर, तूप बंद. भात नाही. ज्वारीची भाकर, मुगाचं पातळ वरण, ताक, आणि पालेभाजी पाहिजे तेवढी. दिवसातून तीन वेळा वेळेवर जेवायचं आणि उपास करायचा नाही. हे ऐकून माय नाराज झाली. पण आमचे उपास म्हणजे साबुदाणा, बटाटे आणि दाण्याचा लाडू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "देवाला काय सांगायचं ते मी सांगते. तू भाकर खा." आणि रोज चालायचं, पोटऱ्या भरून येईपर्यंत.

चालायला आमचा मळाच होता. तीन आठवड्यांनी मी माहेरी आले. सकाळी वाफ्यांना पाणी, संध्याकाळी राजापेठेपर्यंत जाऊन परत. आंबाडी, घोळ, चवळी, मेथी, मुळ्याचा पाला. टोपलीत जे उरे ते माझ्या ताटात. पहिला महिना नरक होता. तिसऱ्या प्रहरी गोडाची अशी हाक येई की मी उठून गूळ शोधू लागे. आणि लाज वाटते सांगायला, ती हाक मला माझी वाटत नसे. मामाजी मागतात असंच वाटे.

मालक महिन्याकाठी येत. आत्याबाईंना त्यांनी सारं सांगितलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "थे डॉक्टरीन उपाशी मारून राहिली त्यायले." आणि डबा पाठवला होता. मी तो फळीवर ठेवला. दुपारी माय बाजारात होती, बाबा मोटेवर. पुढचं मला नीट आठवत नाही. भानावर आले तेव्हा मी जमिनीवर बसलेली होते, डबा मांडीवर होता आणि आत एकही पोळी नव्हती. बारा होत्या. बोटं तुपानं माखलेली. मी तो डबा विहिरीत टाकला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन रडत सांगितलं. वाटलं होतं, हाकलून देतील. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, कागदावर लिहिलं आणि म्हणाल्या, "खाल्ल्या तू. दुसऱ्या कोणी नाही. ठीक आहे. उद्या सकाळी ताक आणि भाकर." एवढंच. त्या रागावल्या असत्या तर मी पुन्हा गेले नसते.

पुढच्या महिन्यात मालक आले तेव्हा आत्याबाईंनी दिलेला नवा डबा रिकामा होता.

"पोळ्या कुठी गेल्या?" मी विचारलं.

"गाडीत वाटल्या लोकायले." ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. मग ताटावर बसले आणि मायला म्हणाले, "हिले जे वाढाल थेच मले वाढा." नंतर दर खेपेला ते अमरावतीला माझ्यासोबत भाकर आणि आंबाडी खात. नणंदेनं पाहिलेल्या मुलीचं पुढं काय झालं, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ती दुसरीकडे दिली गेली एवढं नंतर कळलं.

मार्गशीर्षात मुळे उपटताना माझ्या मांडीवरून ओघळ आला. मी मातीत उभी राहून रक्ताकडे पाहत राहिले. एकीकडे आनंद, आणि एकीकडे वाटत होतं, गेलं, आता खरंच गेलं. जे कधी नव्हतंच त्याच्यासाठी मी त्या वाफ्यात बसून रडले. माय धावत आली, तिनं पाहिलं आणि माझ्या शेजारी मातीत बसली. तेल्हाऱ्याला निरोप गेला. आत्याबाई त्यानंतर तीन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत, असं कळलं. डबे यायचे बंद झाले.

हे दुखणं जात नाही

ज्यांना हे दुखणं आहे त्यांना खोटं सांगणार नाही. ते जात नाही, दबून बसतं. वजन उतरलं तशी पाळी येऊ लागली, महिन्याला नाही तरी दीड महिन्याला. मान उजळली. केस कमी झाले नाहीत, ते मी आजही उपटते. लग्नात, सणात गोडाचं पान समोर आलं की तीच जुनी हाक अजून येते. दोनदा मी पुन्हा जाड झाले आणि दोनदा पुन्हा भाकरीवर आले. मूल झालं का, हे सगळे आधी विचारतात. चार वर्षांनी एक मुलगी झाली, नंतर नाही. पण तेवढ्यासाठी मी बरी झाले असं मी मानत नाही. आरशातलं तोंड माझं आहे, हे मला ओळखता यायला लागलं, तेव्हाच मी बरी झाले होते.

ते झालं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, तेल्हाऱ्याला परत गेल्यावर.

जाताना मी फार भ्याले होते. आत्याबाई दारातच होत्या. लुगडं माझ्या अंगावर सैल झालं होतं, गालाची हाडं दिसत होती. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तू कोन व?"

"अंजना."

"हं," म्हणाल्या आणि आत गेल्या. आठ दिवस बोलल्या नाहीत. ताटात मात्र मला भाकर येत होती. कोणी सांगितलं होतं, ठाऊक नाही. त्याच दिवसांत मी उलटा ठेवलेला आरसा सुलटा केला, तर त्यात माझंच तोंड होतं.

आमच्याकडे आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं करा भरतात. मातीचा लहान घडा, पाण्यानं भरलेला, वर आंबा. आदल्या वर्षी, माझा नववा चालू असताना, मालकांनी मामाजींच्या नावाचा करा आणला होता. आत्याबाईंनी तो अंगणात आपटून फोडला होता. "जित्या मानसाचा करा भरते का कोनी?" त्यामुळे या वर्षी करा आणायचा विषय कोणी काढला नाही.

आखाजीच्या दिवशी ऊन चढलं तरी आत्याबाई घरात नव्हत्या. मालक शोधायला निघणार तेवढ्यात त्या आल्या. कुंभाराकडे गेल्या होत्या. अनवाणी, घामानं भिजलेल्या, कडेवर लाल करा.

"पानी भर," त्या मला म्हणाल्या.

मी भरलं. मालकांनी पाट मांडला, आंबा ठेवला. आत्याबाई कऱ्यासमोर बसल्या आणि त्यांनी मामाजींचं पूर्ण नाव घेतलं, गावासकट. मग त्यांच्या घशातून जो आवाज आला तो मी माणसाचा म्हणून कधी ऐकला नव्हता. भिंतीवर डोकं टेकून त्या रडू लागल्या. मला जवळ घ्यायचं होतं, पण त्यांना हात लावायचा धीर होईना. त्यांनीच माझा हात ओढून घट्ट धरला.

आवाज ऐकून शेजारच्या बाया भर उन्हात धावत आल्या. एकीनं दारातूनच विचारलं, "काय झालं व माय? कोन गेलं?"

आत्याबाईंनी डोळे पुसले.

"आमचे हे गेले," त्या म्हणाल्या.